व्हायरसच्या प्रोटीनने पेशी खरंच भडकतात का? डेंग्यूचं एनएस१ आणि मोनोसाइटचा प्रयोग, टप्प्याटप्प्याने

एमएस्सीच्या प्रोजेक्टपासून पीएचडीपर्यंत हा प्रयोग मुंबईत बऱ्याच ठिकाणी लावला जातो. व्हायरसचं एखादं प्रोटीन घ्यायचं, माणसाच्या मोनोसाइटवर (रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) टाकायचं, दुसऱ्या दिवशी वरचं मीडियम काढून एलिसाने (अँटीबॉडी वापरून प्रोटीन मोजायची टेस्ट) टीएनएफ आणि आयएल-६ हे सायटोकाइन, म्हणजे भडकलेल्या पेशी सोडतात ती निरोपाची प्रोटीन, मोजायची. ग्राफ मस्त वर जातो, सगळे खूश. पण तो ग्राफ बऱ्याचदा व्हायरसच्या प्रोटीनचा नसतोच, प्रोटीनबरोबर आलेल्या, बॅक्टेरियाच्या बाहेरच्या आवरणातल्या एलपीएसचा म्हणजे एंडोटॉक्सिनचा असतो, आणि हे कळतं कधी तर पेपर रिव्ह्यूला गेल्यावर.

उदाहरण म्हणून डेंग्यूचं एनएस१, म्हणजे संसर्ग झालेल्या पेशी रक्तात सोडतात ते व्हायरसचं प्रोटीन, घेतोय, कारण पावसाळ्यात मुंबईत घरटी कुणाचा ना कुणाचा एनएस१ रिपोर्ट येतोच, नाव सगळ्यांना पाठ आहे. कोरोनाचं स्पाइक असो, एचआयव्हीचं टॅट असो, क्रम हाच.

आधी एवढंच डोक्यात ठेवा. मोनोसाइटच्या बाहेरच्या पडद्यावर टीएलआर४ नावाचा रिसेप्टर असतो, सोबत त्याचे जोडीदार एमडी-२ आणि सीडी१४. एलपीएस तिथे बसलं की आत निरोप पुढे नेणारी प्रोटीन, आधी मायडी८८, मग एनएफ-कप्पा-बी, आणि मग टीएनएफ, आयएल-६, आयएल-८ ची जीन्स चालू. डेंग्यूचं एनएस१ याच टीएलआर४ मधून पेशी जागी करतं असं २०१५ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे तुमचं प्रोटीन आणि तुमचा कचरा, दोघांचा दरवाजा एकच. म्हणून इथे नुसतं "सिग्नल आला" याला काही अर्थ नाही, तो कोणामुळे आला हे सिद्ध करायचं असतं, आणि पुढचं सगळं त्यासाठीच.

टप्पा १: प्रोटीन मागवायच्या आधी प्रश्न लिहून काढा

हे लोक टाळतात. गाइडने सांगितलं "एनएस१ लावून बघ" की थेट कोटेशन मागवायला सुरुवात. थांबा, एका कागदावर पाच गोष्टी लिहा: कुठलं प्रोटीन आणि कुठल्या रूपात, कुठली पेशी, किती डोस, किती तास, काय मोजणार.

"कुठल्या रूपात" हे महत्त्वाचं. डेंग्यू झालेल्या माणसाच्या रक्तात फिरणारं एनएस१ सहा तुकड्यांचं, हेक्झामर असतं, त्याला साखरेच्या साखळ्या लागलेल्या असतात आणि मधोमध लिपिड असतं. ई. कोलायमध्ये बनवलेल्या एनएस१ ला साखळ्या नसतात, घडीही बऱ्याचदा चुकते, आणि वर ई. कोलाय म्हणजे एलपीएसचा कारखानाच. स्वस्त पडतं म्हणून तेच घेतलं जातं. अँटीबॉडी बनवायला ठीक आहे, पेशी भडकतात का हे बघायला नको. एचईके२९३ (माणसाच्या पेशींची लॅबमधली लाइन) सारख्या मॅमेलियन, म्हणजे सस्तन प्राण्याच्या, पेशीत बनवलेलं घ्या, पैसे जास्त जातील, पण सहा महिने वाचतील.

टप्पा २: डेटाशीटवरचा गुणाकार

डेटाशीटवर लिहिलेलं असतं: एंडोटॉक्सिन १ ईयू (एंडोटॉक्सिन युनिट) प्रति मायक्रोग्रॅमपेक्षा कमी. वाचून बरं वाटतं. आता गुणाकार करा. विहिरीत, म्हणजे वेलमध्ये, तुमचा डोस ५ मायक्रोग्रॅम प्रति मिलि असेल तर एंडोटॉक्सिन झालं ५ ईयू प्रति मिलिपर्यंत. १ ईयू म्हणजे ढोबळमानाने १०० पिकोग्रॅम एलपीएस, म्हणजे वेलमध्ये ५०० पिकोग्रॅम प्रति मिलि. ताज्या मानवी मोनोसाइटना काही दहा पिकोग्रॅम पुरतात. झालं, "लो एंडोटॉक्सिन" लिहिलेल्या प्रोटीनने तुमचा प्रयोग सुरू व्हायच्या आधीच संपवला.

मी वेलमध्ये ०.१ ईयू प्रति मिलिच्या खाली राहा असं सांगतो, आणि तेवढ्याच एलपीएसचा वेगळा कंट्रोल, म्हणजे तुलनेचा वेल, लावा असंही, कारण काही डोनर त्याच्याही खाली उड्या मारतात.

डेटाशीटवरच बफर बघून घ्या. इमिडॅझोल, ग्लिसरॉल, आणि मुख्य म्हणजे सोडियम अझाइड हे प्रिझर्व्हेटिव्ह. अझाइड असेल तर पेशी मरणार आणि मेलेल्या पेशी स्वतःच आजूबाजूच्यांना भडकवणार. कॅरियर म्हणून, म्हणजे प्रोटीन टिकावं म्हणून, बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घातलेलं असेल तर तेही नको, बीएसएबरोबर एंडोटॉक्सिन येतं. कंपनीला कॅरियर-फ्री मागा आणि तोच बफर रिकामा, वेगळ्या व्हायलमध्ये मागून ठेवा, नंतर लागतोच.

> तपासा: पार्सल ड्राय आइसमध्ये येणार असेल तर ते शुक्रवारी मुंबईत उतरेल असं मागवू नका, कस्टममध्ये अडकलं की शनिवार-रविवार बर्फ उडून जातो. गणपती आणि दिवाळीचा आठवडा तर सोडूनच द्या. आलं की उघडताना ड्राय आइस शिल्लक होता का ते नोटबुकात लिहा, लॉट नंबरसकट.

प्रोटीन आल्यावर एकदाच विरघळवा, छोटे छोटे भाग करा, उणे ८० ला टाका. एक भाग एकदाच वापरायचा. परत फ्रीझ करायचा मोह आवरा, फ्रीझ-थॉने हेक्झामर तुटतात, गोळे होतात.

आणि जेल चालवा, म्हणजे प्रोटीन वजनानुसार वेगळं करून बघा. न उकळलेल्या सॅम्पलमध्ये एनएस१ डायमर म्हणून साधारण ८० किलोडाल्टनला दिसतं, उकळलं की मोनोमर होऊन ४५ ते ५० च्या आसपास येतं. दोन्ही लेनमध्ये बँड एकाच ठिकाणी आला तर रूपच चुकीचं आहे, पुढे जाऊ नका.

टप्पा ३: एंडोटॉक्सिन बाहेरून येऊ देऊ नका

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून जरा रेंगाळतो.

ऑटोक्लेव्ह केलं म्हणजे स्वच्छ झालं? बॅक्टेरिया मेले, हो. त्यांचं एलपीएस तसंच राहिलं. १२१ डिग्रीला ते जात नाही, काचेची भांडी ड्राय हीट ओव्हनमध्ये २५० डिग्रीला ३० मिनिटं ठेवावी लागतात. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरने गाळलं? बॅक्टेरिया अडकले, एलपीएस आरामात पलीकडे गेलं. एफबीएस (मीडियममध्ये घालायचं वासराचं सीरम) ५६ डिग्रीला अर्धा तास हीट-इनॅक्टिव्हेट केलं? कॉम्प्लिमेंट (सीरममधली पेशी फोडणारी प्रोटीन) गेलं, एलपीएस नाही. म्हणजे ज्या तीन गोष्टी आपण रोज करतो त्यातल्या एकीनेही हा प्रश्न सुटत नाही.

पाणी हा मोठा चोर. सिस्टीममधून पाणी ताजं निघतं तेव्हा चांगलं असतं, पण ते पाच लिटरच्या कॅनमध्ये भरून बेंचखाली आठवडाभर ठेवलं की त्यात बॅक्टेरिया वाढतातच, जुलैमध्ये तर विचारूच नका. पीबीएस (फॉस्फेटचं खारट बफर), मीडियम, प्रोटीनचं डायल्युशन, सगळ्याला एंडोटॉक्सिन-फ्री म्हणून विकलं जाणारं पाणी किंवा बफर वापरा. टिप आणि ट्यूब पायरोजेन-फ्री सर्टिफाइड घ्या, पाकीट फोडल्यावर बॉक्समध्ये भरून ऑटोक्लेव्ह करत बसू नका, ऑटोक्लेव्हच्या वाफेचं पाणी कुठलं असतं ते एकदा बघा.

प्रोटीनमध्ये आधीच एंडोटॉक्सिन असेल तर काढता येतं. पॉलिमिक्सिन (एलपीएसला धरून ठेवणारं अँटिबायोटिक) लावलेल्या कॉलममधून काढतात, ट्रायटन एक्स-११४ हे डिटर्जंट वापरूनही काढतात. पण एनएस१ च्या पोटात लिपिड आहे, डिटर्जंटने ते निघून जाऊ शकतं आणि थोडा ट्रायटन उरला तरी पेशी मारतो. मी तरी एनएस१ साठी कॉलमच वापरेन, आणि नंतर प्रोटीन परत मोजेन कारण थोडं कॉलमवरच राहतं.

टप्पा ४: एलएएल टेस्ट, आणि ती फसवते कशी

एंडोटॉक्सिन मोजायला एलएएल वापरतात, हॉर्सशू क्रॅबच्या रक्तपेशींपासून बनवलेलं. किट असेल तर स्वतः करा, नसेल तर बाहेरून करून घ्या, पण करायचीच. डेटाशीटचा आकडा कारखान्यातून निघतानाचा आहे, तुमच्या बेंचवरचा नाही.

दोन ठिकाणी फसायला होतं. एक, प्रोटीन एलपीएसला झाकून ठेवतं आणि आकडा खोटा कमी येतो. त्यासाठी सॅम्पलमध्ये माहीत असलेलं एंडोटॉक्सिन मुद्दाम घाला आणि किती परत मिळतं ते बघा, ५० ते २०० टक्क्यांच्या मध्ये आलं पाहिजे, नाही आलं तर सॅम्पल आणखी डायल्यूट करून परत. दोन, बीटा-ग्लुकान (बुरशीच्या भिंतीतली साखर) असेल तर एलएएल उगाच पॉझिटिव्ह येऊ शकतं. शंका आली तर रिकॉम्बिनंट फॅक्टर-सी वाली टेस्ट लावा, तिला बीटा-ग्लुकानने फरक पडत नाही.

> थांबा: हा आकडा हातात नसेल तर पेशी थॉ करू नका, डोनरला फोनही करू नका.

टप्पा ५: प्लेटचा नकाशा

प्रयोगाचा जीव इथे आहे. ९६ वेलची प्लेट कागदावर काढा. कडेच्या वेलमध्ये फक्त पीबीएस, कारण तिथलं मीडियम उडतं. आतले ६० उरले. प्रत्येक कंडिशन तीन-तीन वेल.

काय काय लागतं: नुसतं मीडियम. प्रोटीनचा रिकामा बफर. एनएस१ दोन डोसमध्ये. मोठ्या डोसचं एनएस१ पॉलिमिक्सिन बी सोबत. तेच एनएस१ उकळून. एलपीएस, एलएएलमध्ये जेवढं निघालं तेवढं, आणि एक जास्तीचं, म्हणजे १ नॅनोग्रॅम प्रति मिलि. ते जास्तीचं एलपीएस पॉलिमिक्सिन सोबत. तेच एलपीएस उकळून. आणि त्याच पेशीत, त्याच टॅगसकट बनवलेलं दुसरं कुठलंतरी निरुपद्रवी प्रोटीन. अकरा झाल्या, म्हणजे ३३ वेल, पुढे येणाऱ्या अँटीबॉडीच्या वेलना अजून जागा आहे.

आता हे वाचायचं कसं. पॉलिमिक्सिन बी एलपीएसला धरून ठेवतं. १० मायक्रोग्रॅम प्रति मिलि घ्या, प्रोटीनमध्ये मिसळून अर्धा तास थांबा आणि मग पेशींवर टाका, पेशींवर आधी एनएस१ आणि पाच मिनिटांनी पॉलिमिक्सिन असं केलंत तर काहीच सिद्ध होत नाही. एलपीएसचा सिग्नल पडला आणि एनएस१ चा टिकला तर चांगलं लक्षण. पण फक्त लक्षण, कारण पॉलिमिक्सिन बॅक्टेरियाच्या लिपोप्रोटीनला धरत नाही आणि ते टीएलआर२ या दुसऱ्या रिसेप्टरमधून तसाच गोंधळ घालतात.

उकळण्याचं उलटं. प्रोटीन ९५ डिग्रीला अर्धा तास ठेवलं की बिघडतं, एलपीएस बऱ्यापैकी टिकतं. उकळल्यावरही एनएस१ चा सिग्नल तेवढाच असेल तर वाईट बातमी आहे. सिग्नल गेला तर लगेच नाचू नका, शेजारी उकळलेलं एलपीएस अजून काम करतंय ना ते बघा, त्याचाच सिग्नल पडला असेल तर तुमचा उकळण्याचा कंट्रोल बाद.

आणि सगळ्यात कॉमन चूक: टीएलआर४ चा इन्हिबिटर, म्हणजे त्याला अडवणारं रसायन, टाक-२४२, लावला, सिग्नल गेला, निष्कर्ष काय तर "एनएस१ टीएलआर४ मधून काम करतं". अहो पण एलपीएसही तिथूनच करतं ना! या टेस्टने रिसेप्टर कळतो, गुन्हेगार कळत नाही. एनएस१ च्या बाबतीत खरा निवाडा अँटीबॉडी करते. एनएस१ विरुद्धची अँटीबॉडी बीड्सवर लावून सोल्यूशनमधून एनएस१ काढून टाका, उरलेलं पाणी पेशींवर घाला. सिग्नल गेला तर तो बहुधा एनएस१ चा होता. सोबत आयसोटाइप अँटीबॉडी (त्याच प्रकारची, पण एनएस१ न ओळखणारी) लावलेल्या बीड्सचा कंट्रोल, आणि दोन्ही अँटीबॉडी अझाइड-फ्री. माझ्या मते हे नसेल तर बाकीचे सगळे कंट्रोल असूनही दावा अर्धवटच राहतो.

टप्पा ६: पेशी

*रक्तातून घेणार असाल तर.* एथिक्स कमिटीची परवानगी आणि सही केलेला कन्सेंट फॉर्म आधी. शेजारच्या बेंचवरच्या मित्राचं रक्त "असंच" घ्यायची पद्धत सोडा, नंतर थीसिसमध्ये काय लिहिणार? रक्त हाताळणाऱ्याची हिपॅटायटिस-बी ची लस झालेली हवी. डोनरला विचारा: गेल्या दोन-तीन आठवड्यांत ताप, लस, अँटिबायोटिक? दोन-तीन दिवसांत अंगदुखीची गोळी? जुलै ते ऑक्टोबर मुंबईत निरोगी डोनर मिळवणं हेच मोठं काम असतं, जमलं तर डोनरचं काम हिवाळ्यात उरका.

हेपारिनच्या ट्यूबमध्ये, रूम टेंपरेचरला. बर्फात ठेवू नका, मोनोसाइटना आवडत नाही. आणि चार तासांत प्रोसेस. परळला काढून कलिन्याला न्यायचं असेल तर ट्रॅफिक धरून वेळ लावा, संध्याकाळी सहाला निघालात तर अवघड आहे.

पीबीएसने अर्ध्याला अर्धं करून १.०७७ घनतेच्या फायकॉलवर (पेशी थरांत वेगळ्या करणारा दाट द्रव) हळूच, ट्यूब तिरकी धरून, भिंतीवरून सोडा. ४०० जी, ३० मिनिटं, २० डिग्री, ब्रेक बंद. ब्रेक बंद करायला विसरलात तर थर ढवळून निघतात. बरोबर झालं असेल तर वर पिवळसर प्लाझ्मा, खाली फायकॉल, आणि दोघांच्या मध्ये पातळ पांढुरकी कडी दिसते, ती पिपेट गोल फिरवत उचला, फायकॉल जास्त ओढू नका. फायकॉल थंड असेल तर ही कडी नीट बसत नाही आणि लाल पेशी वरच राहतात, बाटली फ्रीजमधून काढून तासभर बाहेर ठेवायची ती यासाठी. धुताना शेवटचा स्पिन २०० जी ला, म्हणजे प्लेटलेट निघून जातात.

एक मिलि रक्तातून साधारण १० ते २० लाख पीबीएमसी (त्या पांढुरक्या कडीतल्या पेशी) मिळतात आणि त्यातल्या १० ते २० टक्के मोनोसाइट. वेलमागे २ लाख पीबीएमसी धरले तर २० मिलि रक्त आरामात पुरतं. शुद्ध मोनोसाइट हवे असतील, वेलमागे १ लाख, तर ४० मिलिच्या खाली विचार करू नका. शुद्ध करताना सीडी१४ चे बीड्स वापरू नका, ज्या रिसेप्टरच्या जोडीदारावर प्रयोग आहे त्यालाच पकडून ओढल्यासारखं होतं. निगेटिव्ह सिलेक्शनचं किट घ्या.

*टीएचपी-१ (मोनोसाइटसारखी लॅबमधली सेल लाइन) वापरणार असाल तर.* पुण्याच्या एनसीसीएस या सरकारी पेशी-संग्रहातून आणा, चौथ्या लॅबमधून आलेली, पॅसेज माहीत नसलेली बाटली नको. मायकोप्लाझ्माची (कल्चरमध्ये लपून वाढणारा छोटा बॅक्टेरिया) टेस्ट करा, मायकोप्लाझ्माचे लिपोप्रोटीन टीएलआर२ ला सतत टोचत राहतात. पीएमए हे केमिकल देऊन मॅक्रोफेज (मोनोसाइटचं पुढचं रूप) बनवताना लोक १०० नॅनोग्रॅम टाकून मोकळे होतात, मग पेशी आधीच एवढ्या तापलेल्या की काही न देता आयएल-८ भरभरून. २० ते २५ नॅनोग्रॅम प्रति मिलि, ४८ तास, मग धुवून पीएमए नसलेल्या मीडियममध्ये निदान २४ तास विश्रांती. ही विश्रांती गाळू नका.

> तपासा: ट्रिपॅन ब्लूने (मेलेल्या पेशी रंगवणारा डाय) ९५ टक्क्यांच्या वर जिवंत? नसतील तर आज प्लेट लावू नका.

टप्पा ७: डोस आणि घड्याळ

डेंग्यूच्या रुग्णांच्या रक्तात एनएस१ मायक्रोग्रॅम प्रति मिलिपर्यंत जातं, म्हणून १ आणि ५ हे डोस पटण्यासारखे. ५० लावून काहीतरी दिसलं तर त्याचा अर्थ लावणं कठीण.

टीएनएफ लवकर येतं, ४ ते ६ तासांत भरपूर, नंतर पेशीच ते गिळतात. आयएल-६ ला १८ ते २४ तास द्या. दोन्ही एकाच वेळेला मोजून "टीएनएफ येत नाही" म्हणणारे मी बरेच बघितलेत. आयएल-१ बीटा मोजणार असाल तर वेगळा विचार हवा: मॅक्रोफेजमध्ये आधी तयारीचा सिग्नल आणि मग इन्फ्लमासोम (आयएल-१ बीटा तयार करणारी पेशीतली यंत्रणा) चालू करणारा दुसरा, एटीपी किंवा नायजेरिसिन, असं लागतं. ताजे मानवी मोनोसाइट मात्र नुसत्या एलपीएसवरही थोडं आयएल-१ बीटा सोडतात, त्यामुळे टीएचपी-१ चा नियम त्यांना लावू नका.

मीडियममध्ये सीरम ठेवा. सीरममधलं एलबीपी (एलपीएसला रिसेप्टरपर्यंत नेणारं प्रोटीन) नसेल तर पेशींना एलपीएस नीट दिसत नाही, आणि तुमचा एलपीएस कंट्रोल उगाच फिका पडतो.

टप्पा ८: वरचं पाणी काढणं

प्लेट ४०० जी ला पाच मिनिटं फिरवा, पिपेटची टिप तळाला न लावता वरचं काढा, दोन प्लेटमध्ये वाटून उणे ८०. खालच्या पेशी फेकू नका, त्यांच्यावर एमटीटी (पेशी जिवंत आहेत का ते सांगणारी टेस्ट) करा किंवा सुपरनेटंटमधलं, म्हणजे वरच्या पाण्यातलं, एलडीएच (पेशी फुटल्यावर बाहेर येणारं एन्झाइम) मोजा. पेशी फुटल्या असतील तर आतला माल बाहेर येऊन शेजारच्या पेशी भडकतात, आणि तुम्ही त्याचं श्रेय एनएस१ ला देता.

टप्पा ९: एलिसा

स्टँडर्ड (माहीत असलेल्या प्रमाणाचे सॅम्पल, ज्यांवरून वक्र काढतात) त्याच मीडियममध्ये बनवा ज्यात सॅम्पल आहे. एलपीएसचे सॅम्पल १:१० आणि १:५० दोन्ही लावा, कारण ते निळे होतात ते सेकंदात आणि मग वक्राच्या वर सपाट जाऊन बसतात, तो आकडा आकडा नसतो. किट आणि प्लेट उघडायच्या आधी रूम टेंपरेचरला येऊ द्या, पावसाळ्यात थंड प्लेटवर लगेच दव धरतं. वक्र चार-पॅरामीटरचा, सरळ रेघ ओढू नका. तीन वेलमधला फरक १५ टक्क्यांच्या वर गेला तर पिपेटिंग बघा.

टप्पा १०: आकडे मांडताना

एन म्हणजे डोनर, वेल नाही. एका डोनरचे तीन वेल म्हणजे एन तीन नाही, एकच. निदान तीन डोनर, पाच असतील तर उत्तम, आणि प्रत्येक डोनरची रेघ वेगळी दाखवा, कारण एक डोनर टीएनएफ ओततो आणि दुसरा ढिम्म असतो, सरासरीत ते लपतं. कंट्रोल जवळजवळ शून्य असेल तर "४०० पट वाढ" लिहू नका, पिकोग्रॅममध्ये लिहा. प्लेटवर टीएनएफ वाढलं म्हणून डिस्कशनमध्ये सायटोकाइन स्टॉर्म आणि डेंग्यू शॉकपर्यंत उडी मारू नका, त्याला रक्तवाहिन्यांच्या एंडोथेलियल पेशी लागतात, त्या तुमच्या प्लेटमध्ये नव्हत्या.

फिगरखाली हे लिहाच: प्रोटीन कुठल्या पेशीत बनवलं, लॉट नंबर, आणि वेलमधलं एंडोटॉक्सिन ईयू प्रति मिलिमध्ये, प्रति मायक्रोग्रॅम नाही. त्याच लॉटचे तीन-चार भाग उणे ८० मध्ये वेगळ्या डब्यात, नाव-तारीख घालून, पेपर छापून येईपर्यंत राखून ठेवा, रिव्ह्यूअर एक्स्ट्रा कंट्रोल मागतो तेव्हा नवा लॉट चालत नाही.